आई फोनवर तेच तेच विचारते तेव्हा

एकाच कॉलमध्ये "जेवलास का?" तिसऱ्यांदा आलं की परदेशात बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. मग काहीजण "वय झालंय" म्हणून सोडून देतात, काहीजण रात्रभर अल्झायमरबद्दल वाचत बसतात. पण विसरण्याची काही कारणं वेळेत सापडली तर बरी होतात, म्हणून निदानाआधीचे हे महिने वाया जाऊ देऊ नका.

सुरुवात नोंदीपासून करा. "हल्ली विसरते" एवढ्यावरून डॉक्टरांना फारसं कळत नाही. तारीख, काय घडलं आणि हे पूर्वी जमत होतं का, एवढं लिहा. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं वेगळं. वर्षानुवर्षं केलेल्या खिचडीचा साबुदाणा भिजवायचाच राहणं, सोसायटीचा मेंटेनन्स दोनदा भरणं, रोजच्या मंडईतून येताना रस्ता चुकणं ही वेगळी गोष्ट. फोनवर "आज वार कोणता?" अशी परीक्षा घेऊ नका, माणूस दुखावतो आणि पुढे लपवायला लागतो. "आज काय केलंस, कोण आलं होतं?" असं विचारा आणि थांबा. बाबा शेजारून उत्तरं पुरवत असतील तर ते प्रेमापोटीच, पण त्यामुळे खरी अवस्था झाकली जाते. त्यांच्याशी वेगळं बोला.

हा बदल दोन-चार दिवसांत अचानक झाला असेल, तर वाट पाहू नका. लघवीचा संसर्ग, सोडियम घसरणं, पडल्यावर मेंदूवर साचलेलं रक्त यांनी असं होतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला सांगा. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली, तर लगेच हॉस्पिटल.

सुट्टीत घरी गेलात की औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करा, कपाटातल्या जुन्या स्ट्रिपसकट. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, लघवी आवरण्यासाठी दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, यांनी उतारवयात डोकं गुंगतं. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडनं साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. बीपीच्या गोळीत थायझाइड (लघवी वाढवणारं औषध) असेल तर सोडियम कमी होऊ शकतं. मधुमेहाचंच मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व घटू शकतं. शाकाहारी घरात ही शक्यता आणखी मोठी. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका, झोपेची तर नाहीच. ती एकदम तोडली तर झटकेही येऊ शकतात.

रक्ततपासणीत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२, टीएसएच (थायरॉईडसाठी), सोडियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) हवं. बी-१२ चं इंजेक्शन रक्त दिल्यानंतरच. आधी घेतलं तर आकडा फसवतो. कानही तपासून घ्या, कारण जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहील? नैराश्यही विसरण्याच्या रूपात येतं, विशेषतः जोडीदार गेल्यानंतर. मग न्यूरॉलॉजिस्ट आणि मेंदूचा स्कॅन. नेताना खरं तेच सांगा: "विसरायला होतंय ना, बी-१२ किंवा थायरॉईडमुळेही होतं, बघून घेऊ."

आई-वडील तुमच्याकडे राहत असतील तर तिथल्या स्मृतिचाचणीत दुभाषी तुम्ही होऊ नका; नकळत उत्तर सुचवलं जातं. अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागा. नव्या घरात रात्री बाथरूम न सापडणं हे लक्षण असू शकतं, नुसता नवखेपणाही असू शकतो. पॅसेजमध्ये दिवा चालू ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी काय फरक पडतो ते लिहा.

कागदपत्रांचं काम निदानासाठी थांबवू नका. भारतात साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की कायद्यानं संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. म्हणून समज शाबूत असतानाच बँकेचं खातं "आयदर ऑर सर्व्हायव्हर" पद्धतीनं (दोघांपैकी कुणीही एकटं चालवू शकेल असं) संयुक्त करा, सगळीकडे नॉमिनेशन तपासा. मृत्युपत्र करायचं असेल तर त्या दिवशीचं डॉक्टरांचं मानसिक क्षमतेचं प्रमाणपत्र सोबत जोडा.