आफ्रिकेतल्या ग्रामीण रुग्णालयात महिनाभर सर्जन म्हणून जाताना तिथल्या लोकांबरोबर काम कसं उभं करावं?

तुम्ही जनरल सर्जरीत एमएस केलंय, मलावीतल्या एका ग्रामीण जिल्हा रुग्णालयात महिनाभर जायची संधी आहे, आणि तिथे जास्तीत जास्त ऑपरेशनं करावीत की शिकवावं, असं विचारताय. मीही सर्जन आहे आणि मलावीत अशा ठिकाणी काम केलंय, त्यामुळे अगदी मनापासून सांगतो: ऑपरेशनांचा आकडा डोक्यातून काढून टाका.

तिथे ऑपरेशन करणारी माणसं आहेतच. मलावीच्या जिल्हा रुग्णालयांत बहुतेक सिझेरियन क्लिनिकल ऑफिसर करतात. ही मंडळी एमबीबीएस नसतात. तीन वर्षांची पदविका आणि वर उमेदवारीचं एक वर्ष. हाडांचे आणि भुलीचेही असेच वेगळे क्लिनिकल ऑफिसर असतात. सर्जन भेटतात ते मुख्यतः ब्लँटायर आणि लिलाँग्वेच्या मोठ्या रुग्णालयांत. तुम्ही परत आलात की रात्री दोन वाजता पोट उघडायची वेळ याच क्लिनिकल ऑफिसरवर येणार आहे. तेव्हा सुरी त्याच्या हातात द्या आणि तुम्ही समोर असिस्टंटच्या जागी उभे राहा.

पोट टम्म फुगलेला एक शेतकरी आला होता. सिग्मॉइडला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणदार भागाला, पीळ पडला होता. त्या भागात हे नेहमीचंच. क्लिनिकल ऑफिसरने पोट उघडलं, पीळ सोडवला, कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडी घड्या ठेवल्या. काळपटलेलं आतडं हळूहळू गुलाबी व्हायला लागलं. आता सैल पडलेला भाग कापून लगेच जोडायचं, की स्टोमा काढायचा, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर बाहेर आणून शौच पिशवीत जाईल असं करायचं? त्याने आधी भुलीवाल्याला बीपी विचारलं. मग मला म्हणाला, ‘डॉक्टर, याच्या गावात स्टोमाची पिशवी मिळत नाही. फडकी बांधून हा शेतात कसा जाणार? स्टोमा बंद करायच्या दुसऱ्या ऑपरेशनला तो परत येईल याचीही खात्री नाही.’ आतडं मेलेलं असतं किंवा बीपी पडलेलं असतं, तर पिशवी असो वा नसो, स्टोमाच काढावा लागला असता. इथे दोन्ही नव्हतं. जोडायचं ठरलं. कापलेल्या कडांतून ताजं रक्त येतंय ना, सांध्यावर ताण नाही ना, हे मी त्याला पाहायला लावलं. टाके सगळे त्याने घातले. माझ्याकडचं ज्ञान पुस्तकातलं होतं, त्याच्याकडचं त्या गावातलं, आणि त्या रुग्णाला दोन्ही लागलं.

ओटीची यादीही त्यांनाच करू द्या. परदेशी सर्जन आलाय म्हटलं की गर्दी लोटते, आणि दिवसाला दहा-दहा केस घ्याव्याशा वाटतात. पण रात्री वॉर्डात किती सिस्टर आहेत, रक्त किती शिल्लक आहे, ऑक्सिजनचं काय, हे मेट्रन (मुख्य सिस्टर) आणि भुलीवाला तुमच्यापेक्षा चांगलं जाणतात. त्यांनी ‘आज चारच’ म्हटलं तर चारच.

आता काय न्यायचं, ते. मोठी यंत्रं नेऊ नका. ज्याचे सुटे भाग तिथे मिळत नाहीत आणि जे दुरुस्त करणारा कुणी नाही, ते यंत्र कोपऱ्यात पडून राहतं. (तिथला प्लगसुद्धा चौकोनी पिनांचा, ब्रिटिश धाटणीचा असतो.) साध्या गोष्टी किती लांब पोचतात, याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी हर्नियाच्या ऑपरेशनात पोटाच्या कमजोर भिंतीला आधार द्यायला महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीची जाळी निर्जंतुक करून वापरायला सुरुवात केली. पुढे पूर्व युगांडात याच कल्पनेची रीतसर चाचणी झाली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली: ३००हून जास्त हर्निया, निम्म्यांना साधारण एक डॉलरची जाळी, निम्म्यांना सव्वाशे डॉलरची. वर्षभराने पाहिलं तर हर्निया पुन्हा होण्यात दखल घ्यावी असा फरक नव्हता. एका ग्रामीण भागातल्या सर्जनचं काम दुसऱ्या खंडातल्या खेड्यांना उपयोगी पडलं, कारण त्यात परवडणार नाही असं काहीच नव्हतं. याचा मला फार अभिमान वाटतो. मात्र कुठलीही मच्छरदाणी चालत नाही. डासांचं औषध न लावलेली, योग्य धाग्याची आणि ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेत) नीट निर्जंतुक केलेलीच हवी.

लॅपरोस्कोपी (दुर्बिणीतून ऑपरेशन) विसरा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रियेवरच्या २०१५च्या आयोगाने जिल्हा रुग्णालयाची कसोटी म्हणून तीन गोष्टी धरल्या: सिझेरियन, लॅपरोटॉमी (पोट उघडून ऑपरेशन) आणि उघड्या फ्रॅक्चरचे (जिथे हाड मोडून जखम उघडी पडते) उपचार. यातलं कुठे अडतं ते बघा आणि महिना त्यावर खर्च करा. निघण्याआधी गुंतागुंतीच्या केसेसची एक वही सुरू करा, त्यांच्या हस्ताक्षरात. परत आल्यावर दर महिन्याला फोनवर त्या वहीवर बोला. हे बोलणं वर्षभर टिकलं तर पुढच्या खेपेला तुम्हाला काय शिकवायचं ते तेच सांगतील.

तिकीट काढायची घाई करू नका. आधी मलावीच्या मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज करा. त्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही. आणि रुग्णालयाला पहिलं पत्र लिहाल त्यात एवढंच विचारा: गेल्या सहा महिन्यांत कोणत्या केसेस शहरात पाठवाव्या लागल्या? त्यातल्या कोणत्या तुम्हाला इथेच करता याव्यात असं वाटतं? उत्तर आलं की इथे कळवा, तयारी काय करायची ते मी सविस्तर लिहीन.