दिवाळीच्या सुट्टीत हरमलला सर्फिंग शिकायला आलो तर लाटा आणि हवामान कसे असेल?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे की, तुम्ही आणि तुमची दोन किशोरवयीन मुले दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून उत्तर गोव्यातील हरमलला (अरंबोल) येऊन सर्फिंगचे पहिले धडे घेऊ इच्छिता. मोबाइलवरील अंदाजात लाटांची उंची कधी ०.७ मीटर तर कधी ०.९ मीटर दिसते आणि त्यावरून चांगला दिवस कोणता हे कळत नाही. शिवाय पावसाळ्यात लाटा मोठ्या असतात, तर मग जून-जुलैमध्येच का येऊ नये, अशी मुलांची शंका आहे. मी पेडणे तालुक्यातला असून याच किनाऱ्यावर पाण्यात उतरतो आणि नवशिक्यांना उतरताना पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलांच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते महत्त्वाचे आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मान्सून गोव्यात पोहोचतो आणि त्यानंतर सप्टेंबरपर्यंत हा समुद्र शिकणाऱ्यांचा राहत नाही. एरवी अर्धा ते एक मीटर असणाऱ्या लाटा या काळात किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर दोन ते तीन मीटरच्या असतात आणि वादळी दिवसांत त्याहून मोठ्या होतात. उंचीपेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे वारा समुद्राकडून अखंड वाहत असल्याने लाटांना आकार राहत नाही. एकामागून एक फेसाळ भिंती येत राहतात आणि परत जाणारे पाणी वाळूतील खोलगट भागांतून जोराने समुद्राकडे ओढ घेते. या ओढीला रिप करंट म्हणतात आणि त्यात चांगला पोहणारा माणूसही काठाकडे सरळ येऊ शकत नाही. यांत्रिक मासेमारीसुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि किनाऱ्यांवर जीवरक्षकांचे लाल बावटे लागलेले असतात. लाल बावटा म्हणजे पाण्यात उतरू नये. त्याला अपवाद नाही.

दिवाळीचा काळ मात्र मी मनापासून सुचवेन. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मान्सून परतलेला असतो, पावसाळ्यात लाटांनी खेचून नेलेली वाळू हळूहळू किनाऱ्यावर परत येऊ लागते आणि हरमलचा आधीच सौम्य असलेला उतार पुन्हा सपाट, मोकळा होतो. पाणी सुमारे २८-२९ अंशांचे, म्हणजे तासभर आत राहिले तरी थंडी वाजत नाही. दुपारचा उकाडा मात्र त्रास देतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सह्याद्रीकडून दुपारनंतर मेघगर्जनेसह सरी येऊ शकतात. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर यावे, मग लाट कितीही चांगली असो.

आता अंदाजातील आकड्यांकडे वळतो. अ‍ॅपवर जी उंची दिसते ती प्रत्येक लाटेची नसते. सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते, त्यामुळे ०.८ मीटर लिहिलेल्या दिवशीही एखादी लाट जवळजवळ दीडपट-दुप्पट येऊ शकते. शिवाय हा आकडा खुल्या समुद्रातील बिंदूचा असतो, काठाचा नव्हे. उंचीइतकाच महत्त्वाचा आकडा तिच्याशेजारी सेकंदांत लिहिलेला असतो आणि बहुतेक लोक तो वाचतच नाहीत. एका लाटेचा माथा गेल्यावर पुढचा माथा येईपर्यंत जितके सेकंद जातात तो लाटेचा आवर्तकाल. लाटांची ऊर्जा उंचीच्या वर्गाबरोबर आणि या आवर्तकालाबरोबर वाढते. म्हणून ०.९ मीटर आणि ६ सेकंदांच्या लाटांपेक्षा ०.७ मीटर आणि १४ सेकंदांच्या लाटांत सुमारे चाळीस टक्के अधिक जोर असतो, जरी पहिला आकडा मोठा दिसत असला तरी.

याचे कारण लाटेच्या लांबीत आहे. खोल पाण्यात ६ सेकंदांच्या दोन लाटांमधले अंतर सुमारे ५६ मीटर असते, तर १४ सेकंदांच्या लाटांमधले अंतर तीनशे मीटरच्या वर जाते. पाण्याची खोली या अंतराच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. त्यामुळे लांब लाट फार दूरवरूनच तळाशी घासत, वेग कमी करत, उंच होत येते आणि काठाजवळ तिचा उभा, स्वच्छ माथा तयार होतो. आखूड लाट मात्र काठाजवळ येईपर्यंत नुसती खळबळ असते. तुमच्यासारख्या नवशिक्यांना चौदा सेकंदांचा दिवस पाहायला सुंदर, पण पहिल्या धड्यासाठी जड वाटेल. ०.५ ते ०.८ मीटर आणि ८ ते ११ सेकंद, या चौकटीत बसणारा दिवस दिसला तर तो शिकण्यासाठी निवडा.

लाट कोणत्या दिशेने येते तेही पाहा. नैर्ऋत्येकडून येणारी लांब लाट बहुधा दक्षिण गोलार्धातील वादळांत जन्मलेली असते. १६ सेकंदांच्या लाटांची ऊर्जा ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटरच्या थोडी वर, पुढे सरकते. सहा-सात हजार किलोमीटर दूरच्या वादळाची लाट त्या हिशेबाने आठवड्याभरात आपल्या किनाऱ्यावर येते. इथे आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असताना अचानक लाटा वाढतात, त्यामागे अनेकदा हेच असते. अशा लाटा मार्च ते मे या महिन्यांत अधिक ठळक दिसतात आणि अनुभवी सर्फर मे महिन्याची वाट पाहतात ती त्यामुळेच. याउलट नोव्हेंबरपासून वायव्येकडून आखूड लाटा येऊ लागतात. अरबस्तान आणि इराणच्या आखाताच्या परिसरात हिवाळ्यात वाहणाऱ्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचतात, हे दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. शमालच्या लाटा साधारण सहा-आठ सेकंदांच्या असतात. अशा दिवशी उंचीचा आकडा वाढलेला दिसतो, पण बोर्डवर उभे राहण्याइतका वेळ लाट देत नाही.

वाऱ्याबाबत एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे: सकाळ तुमची, दुपार वाऱ्याची. रात्रभर थंड झालेल्या जमिनीवरून पहाटे समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि येणाऱ्या लाटेचा माथा ते धरून ठेवतात, म्हणून ती सावकाश फुटते. दहा-अकरानंतर जमीन तापली की खारे वारे सुरू होतात, दुपारी ते वायव्येकडून जोर धरतात आणि पाणी खरखरीत होते. हरमलच्या उत्तरेकडील टेकडीवरून पॅराग्लायडर उडू लागलेले दिसले, किंवा मोरजीच्या बाजूला काइटसर्फिंगचे (पतंगाच्या ओढीने बोर्डवरून पाण्यावर सरकण्याचा खेळ) पतंग वर चढले, की सर्फिंगची वेळ सरली असे समजावे. म्हणून वर्ग ठरवताना सकाळी सात ते नऊ हीच वेळ मागा. बरेच पाहुणे उशिरा उठून अकराची वेळ घेतात आणि मग समुद्रच वाईट होता असे सांगत परत जातात; मला त्याचे खरोखर वाईट वाटते, कारण तीन तासांपूर्वी तोच किनारा त्यांना हवा तसा असतो.

भरती-ओहोटीचा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यासाठी अ‍ॅपइतकाच घरातील पंचांगाचा उपयोग होतो. गोव्यात भरती आणि ओहोटी यांतील फरक उधाणाच्या वेळी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, सुमारे दोन मीटरपर्यंत जातो. पाणी पूर्ण भरलेले असताना लाटा काठाजवळच्या उतारावर येऊन एकदम आदळतात. तिथे नवशिक्याला पडल्यावर वाळूचा मार बसतो. पूर्ण ओहोटीला लाटा दूर, उथळ पाण्यावर फुटतात. मधली वेळ, विशेषतः पाणी चढत असतानाची, सर्वांत चांगली.

ढोबळ हिशेब असा की, अमावास्या आणि पौर्णिमेला आपल्याकडे भरती सकाळी अकराच्या सुमारास पूर्ण होते आणि त्यानंतर प्रत्येक तिथीला ती सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, म्हणजे त्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी आणि अकराला भरती. सात ते नऊ या वेळेत पाणी नेमके मध्यावर असते, चढत असते आणि मतलई वाराही चालू असतो. भाऊबीजेपर्यंत हा मेळ टिकतो, फक्त वेळ तास-दीड तासाने उशिरा धरावी. याउलट एकादशी ते त्रयोदशीच्या दरम्यान सकाळी आठ-साडेनऊलाच पाणी भरून येते, म्हणजे चांगला वारा आणि वाईट पाणी एकत्र येतात. म्हणून वसुबारस-धनत्रयोदशीला निघून यायचे असेल तर ते दिवस प्रवासाला आणि फिरण्याला द्या. बोर्ड हातात घेणे लक्ष्मीपूजनापासून सुरू करा. दिवसातील दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे हा हिशेब निवड करण्यापुरता वापरावा आणि नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पाहावी.

एका शक्यतेची मात्र तयारी ठेवा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा अरबी समुद्रातील चक्रीवादळांचाही काळ आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये क्यार आले ते दिवाळीच्याच दिवसांत. २०१७ च्या डिसेंबरमधील ओखी वादळ गोव्यापासून दूरच राहिले, तरी त्याच्या लाटा आणि पौर्णिमेचे उधाण एकाच दिवशी आल्याने पेडण्याच्या किनाऱ्यावरील शॅकमध्ये पाणी शिरले. म्हणजे वादळ किनाऱ्याला धडकणार नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याच्या पणजी केंद्राचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणारी केंद्र सरकारची संस्था) समुद्रस्थितीचा अंदाज, दोन्ही पाहा. उंच लाटांचा इशारा असेल तर त्या दिवशीचा वर्ग रद्द करा. इन्कॉइस वाऱ्याच्या लाटा आणि दुरून आलेल्या लाटा वेगवेगळ्या दाखवते, त्यामुळे वर सांगितलेला आवर्तकाल तिथे सहज वाचता येतो.

जागेबाबत थोडक्यात सांगतो. हरमलचा मुख्य किनारा नवशिक्यांना चांगला, पण उत्तरेच्या टेकडीखाली खडक आहेत, तिकडे सरकू नका. आश्वे आणि मांद्रेही चालतील, फक्त मधूनमधून असणारे खडक आधी विचारून घ्या. केरीला तेरेखोल नदीच्या मुखाशी आणि मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी पाणी जोराने बाहेर जाते. या दोन्ही मुखांजवळ उतरूच नये. लाल-पिवळे बावटे जिथे लावले असतील ती जागा पोहणाऱ्यांसाठी राखलेली असते, तेव्हा बोर्ड त्यांच्या बाहेर आणि जीवरक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात ठेवा. रिप करंटमध्ये सापडलातच तर बोर्ड सोडू नका, काठाकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर सरका आणि हात वर करून मदत मागा. मुलांना हे पाण्यात नेण्यापूर्वी वाळूवर करून दाखवा. पावसाळा संपल्यावर पाण्यात जेलीफिशही येतात, म्हणून मुलांना अंगभर रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख, घाला.

सकाळी कधी कधी रापणकार, म्हणजे काठावरून मोठे जाळे (रापण) ओढणारे मच्छीमार, जाळे ओढत असतात. तेव्हा दोन्ही दोरांच्या मधल्या पाण्यात जाऊ नका. बोर्डचा पट्टा दोरात अडकू शकतो आणि त्यांच्या मेहनतीचेही नुकसान होते. रापण बाहेर येईपर्यंत थांबा किंवा दोनशे पावले दक्षिणेला जा, हरमलला किनारा तेवढा लांब आहे.