निर्जळी उपवासात रक्तातली साखर टिकते कशी, आणि मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांची का घसरते?

तुम्ही विचारलंय, आई दिवसभर निर्जळी एकादशी करूनही ठणठणीत असते, पण मधुमेहाची गोळी घेणाऱ्या वडिलांना दुपारी दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, असं का?

आधी हिशेब बघा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. साखर 90 धरली, म्हणजे दर 100 मिलिलिटरला 90 मिलिग्रॅम, तर सगळ्या रक्तात मिळून जेमतेम साडेचार ग्रॅम भरते. चहाचा एक चमचा! आणि एकटा मेंदू तासाला 5 ग्रॅमच्या आसपास संपवतो. भरणा थांबला तर तासाभरात खडखडाट व्हायला हवा. तो होत नाही तो यकृतामुळे.

पोटभर जेवण झालं की यकृतात 80 ते 100 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतं. स्नायूंमधला साठा याच्या कितीतरी पट, पण ती साखर रक्तात सोडायला लागणारं विकरच स्नायूंत नसतं, त्यामुळे तो त्यांच्यापुरताच. उपवासात यकृत आधी आपला साठा फोडतं. तो आटत जातो तसं लॅक्टेट (साखर अर्धवट वापरल्यावर उरणारं आम्ल), प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि चरबीतून सुटणारं ग्लिसरॉल यांपासून नवी साखर घडवतं. बाकीचे अवयव तोवर चरबीवर भागवतात.

हे सगळं सुरू होण्याची पहिली अट म्हणजे इन्सुलिन खाली येणं. साखर 80 च्या आसपास आली की स्वादुपिंड हात आखडता घेतं. 65-70 ला ग्लुकॅगॉन आणि अॅड्रेनलिन ही साखर वर आणणारी संप्रेरकं वाढतात. घाम, धडधड, थरथर साधारण 55 च्या आसपास जाणवते. म्हणजे त्रास जाणवण्याआधीच दोन बंदोबस्त होऊन गेलेले असतात. तुमच्या आईच्या बाबतीत पहिल्यावरच काम भागतं.

वडिलांचा पहिलाच बंदोबस्त बहुधा गोळीने अडवलाय. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत साखर शिरली की तिच्यापासून ऊर्जा तयार होते, त्या ऊर्जेने पेशीच्या भिंतीतलं पोटॅशियमचं दार बंद होतं, मग कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. साखर कमी झाली की दार पुन्हा उघडतं आणि इन्सुलिन थांबतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड या गोळ्या तेच दार थेट बंद करतात, साखर कितीही असो. पोट रिकामं, तरी इन्सुलिन चालूच, आणि इन्सुलिन असेपर्यंत यकृत साठा मोकळा करत नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची दुसरी गोळी, नुसत्या तिने असं सहसा होत नाही. म्हणून पाकिटावरचं औषधाचं नाव आधी वाचा. एका गोळीत दोन औषधं असणं अगदी नेहमीचं आहे.

त्रास झाला की ग्लुकोमीटरवर बघा. 70 च्या खाली असेल तर उपवास तिथेच सोडा. 15 ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्या. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर तेवढीच पुन्हा द्या. वर आल्यावर जेवू घाला आणि पुढचे काही तास तपासत राहा, कारण या गोळ्यांचा असर लांबतो, विशेषतः वय जास्त आणि मूत्रपिंडं कमजोर असतील तर. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखं बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड आणि थरथर दबून जाते. घाम मात्र येतो, त्यावर लक्ष ठेवा.

डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीतून साखर काढणारी गोळी असेल तर निर्जळी मुळीच नको. तिने पाणी आणखी कमी होतं आणि रक्तात कीटोआम्लं, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, धोकादायक प्रमाणात साचू शकतात, तेही साखर फारशी वाढलेली नसताना.

पुढच्या एकादशीच्या चार दिवस आधी डॉक्टरांना नेमकं विचारा, ‘त्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची?’ मनाने गोळी बंद करू नका. फराळात साबुदाण्याची थाळी भरून देऊ नका, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. भगर थोडी आणि सोबत दाण्याची आमटी, दही बरं.