सामाजिक प्रश्न हाताळणाऱ्या जुन्या मालिकेतले तुमचे आवडते भाग कोणते?

माझं उत्तर ‘रजनी’. दूरदर्शनवर १९८५ मध्ये रविवारी सकाळी लागायची, दिग्दर्शन बासू चॅटर्जींचं. रोजच्या अडवणुकीविरुद्ध भांडणाऱ्या रजनी नावाच्या गृहिणीची ही गोष्ट. तशी ती निव्वळ विनोदी मालिका नव्हे, पण हसत-खेळत चाललेली असायची. रजनी झालेली प्रिया तेंडुलकर पदर खोचून उभी राहिली की आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या बायका टीव्हीसमोर सरसावून बसायच्या. बेळगावात हिंदी मालिका, पण नायिका मराठी, त्यामुळे ती घरचीच वाटायची.

गॅस सिलिंडरचा भाग मला सगळ्यात आवडतो. सिलिंडर म्हणजे त्या काळी घराघरातली डोकेदुखी, आणि त्यावर कुणी बोलतच नव्हतं! दुसरा टॅक्सीवाल्यांचा. तो इतका झोंबला की मुंबईच्या टॅक्सीचालकांनी निदर्शनं केली होती. एखाद्या मालिकेची याहून मोठी पावती कोणती?

त्याच दिवसांत आमच्या मावशीनं रेशन दुकानात रॉकेलचं माप परत मोजायला लावलं होतं. दुकानदार कन्नडमध्ये चिडला, मावशी मराठीत. रांगेतल्या शेजारच्या अक्का कन्नडमधूनच मावशीच्या बाजूनं भांडल्या. शेवटी माप पुरं भरलं. घरी येताना दोघी ‘रजनी’बद्दलच बोलत होत्या, हे मला आजही लख्ख आठवतं.

पुढच्याच वर्षी, १९८६ ला, ग्राहक संरक्षण कायदा आला. तो मालिकेमुळे आला असं मी म्हणणार नाही, पण हक्कानं पावती मागायची सवय आमच्या घराला रजनीनंच लावली.