महापौर, महापोर आणि महीयसी

प्रश्न असा आलाय की महापौरपदावर बाई असेल तर 'महापौरा' लिहायचं का 'महापौरी'. दोन्ही नको. महापौरच. सुलोचना मोदी १९५६ साली मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, म्हणजे हा प्रश्न काही काल उपटलेला नाही, आणि पदाचं नाव बाई आली म्हणून बदलायचं कारण नाही. मला खरा त्रास होतो तो टीव्हीच्या पट्टीवर 'महापोर' वाचून. अरे, महापोर म्हणजे वाड्यातलं सगळ्यात द्वाड कार्टं!

'पौर' म्हणजे पुरात, म्हणजे नगरात राहणारा, हे सगळ्यांना माहितीये. मेयरला महापौर हा शब्द सावरकरांनी दिला हेही माहितीये. गंमत पुढे आहे. मेयर आला लॅटिन 'मायोर'वरून, अर्थ 'जास्त मोठा' (लष्करातला मेजर पण तोच बरं का), आणि हा मायोर ज्या मॅग्नुस म्हणजे 'मोठा' या शब्दाचं रूप आहे त्याचं मूळ आणि आपल्या 'महत्'चं मूळ एकच. लॅटिनमध्ये ग तिथे संस्कृतात ह, इगो आणि अहम् सारखं. म्हणजे परकीय शब्द घालवायला जो शब्द घडवला त्यात मेयरचा सख्खा भाऊ 'महा' होऊन बसलाय! आणि मायोरचा तंतोतंत जुळा संस्कृतात हवा असेल तर तो 'महीयस्', त्याचं स्त्रीलिंग महीयसी, 'स्वर्गादपि गरीयसी'मधल्या गरीयसीच्याच साच्यातलं. माझं तर मत आहे की बाईंना महीयसीच म्हणावं, पण ऐकतंय कोण.

आता पौर. इतिहासकार काशीप्रसाद जायस्वालांनी यावरून मोठा इमला उभा केला, म्हणे पौर म्हणजे नुसते शहरवासी नाहीत, राजधानीची रीतसर सभा, राजाला वेसण घालणारी. कलिंगाच्या खारवेल राजाच्या हाथीगुंफा शिलालेखात राजा 'पोरं जानपदं' म्हणजे शहरातल्या आणि बाहेरच्या मुलखातल्या लोकांना सवलती देतो, असल्या उल्लेखांवरून पार्लमेंट! आपल्या इतिहासकार अळतेकरांनी ते खोडून काढलं ते बरंच झालं, तरी लोक अजून ती सभा फॉरवर्ड करत असतात. (हो, तिथे प्राकृतात 'पोर'च आहे, पण पट्टीवाल्यांनी खारवेल वाचून तसं टाइप केलं असेल असं मला वाटत नाही.)

मराठीत सुटा पौर जवळजवळ मेलाच. बंगालीत बघा, नगरपालिका म्हणजे पौरसभा, मेयर मात्र महानागरिक. कर्नाटकात तर रस्ते झाडणारे सफाई कामगार ते पौरकार्मिक, महापौरांच्या अगदी घरातला शब्द.

आणि ते 'महापौरांनी पालिका प्रशासनाला फैलावर घेतलं, आता कारवाई होणार' वगैरे बातम्या वाचून कुणी हुरळू नये. मुंबईत १९३१ पर्यंत मेयर नव्हताच, प्रेसिडेंट होता, तो सभा चालवायचा आणि नाव बदलल्यावरही सभाच चालवत राहिला. १८८८ च्या कायद्याने अंमलबजावणीचे अधिकार आयुक्ताकडे दिलेत आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार, नगरसेवक नाही. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबली, तेव्हा आयुक्तच प्रशासक म्हणून बसले आणि महापौराशिवाय गाडा चालूच राहिला. त्यामुळे 'महा'चा अर्थ मला विचारा, अधिकार कुठेत ते आयुक्तांना.