‘हाडं झिजली’ की ‘गादी गेली’?

प्रश्न असा आहे: आईच्या गुडघ्याचा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले ‘गॅप कमी झालीय’, शेजारच्या काकू म्हणतात ‘गादी गेली’, आणि घरात सगळ्यांच्या तोंडी ‘हाडं झिजली’. यातलं बरोबर कोणतं? आणि सांध्यात हाडांच्या टोकांवर जे मऊ आवरण असतं, त्या कार्टिलेजला मराठीत काय म्हणायचं?

कूर्चा, कास्थी, उपास्थी हे तिन्ही शब्द छापील मराठीत भेटतात. त्यांतला ‘कूर्चा’ मला जवळचा वाटतो, कारण तो जिभेवर सहज बसतो. मात्र संस्कृत ‘कूर्च’ म्हणजे जुडगा, कुंचला. सुश्रुतसंहितेत नाक-कानांतल्या या मऊ हाडाला ‘तरुणास्थी’ म्हटलं आहे. त्याच ग्रंथात अस्थिभंगाच्या प्रकरणात प्रत्येक प्रकारच्या हाडाला त्याचं क्रियापद दिलं आहे: तरुणास्थी वाकतात, नळीची हाडं मोडतात, कवटीसारखी चपटी हाडं दुभंगतात, दात तडकतात. ही शिस्त आजच्या बोलीतही हवी, कारण इथला गोंधळ नामांपेक्षा क्रियापदांचा आहे.

‘झिजणे’ हे कूर्चेचं क्रियापद. हाडांच्या टोकांवर तिचा साधारण 2 ते 4 मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर असतो. गुडघ्याच्या वाटीच्या मागे तो आणखी जाड. त्यात बहुतांश पाणी आणि ते धरून ठेवणारी तंतूंची जाळी. रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. म्हणून ती झिजताना मुळीच दुखत नाही. दुखतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर. वरवर चरा पडला तर तो भरत नाही, कारण तिथे रक्तच पोचत नाही. इजा हाडापर्यंत खोल गेली तर रक्त येतं आणि खड्डा भरतो, पण मूळ कूर्चेने नव्हे, तर व्रणासारख्या तंतुमय कूर्चेने. ती कमी टिकते.

‘गादी’ मात्र फाटते किंवा सरकते. गुडघ्यात दोन हाडांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. पाय रोवलेला असताना गुडघा पिळवटला की गादी फाटते आणि तुकडा मध्ये आला तर गुडघा अडकतो. बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, म्हणून तिथली फाट टाके घालून जुळू शकते. आतल्या कडेची सहसा जुळत नाही. मणक्यातली ‘गादी सरकली’ ही तिसरीच वस्तू, दोन मणक्यांमधली चकती.

आणि हाड? त्याच गुडघ्याबद्दल लोक ‘हाडं झिजली’ही म्हणतात आणि ‘हाड वाढलं’ही. दुसरं अगदी खरं आहे. कूर्चा पातळ झाली की भार थेट खालच्या हाडावर येतो. ते दाट, टणक होतं आणि कडेला काट्यांसारखं वाढतं. पहिलं खरं ठरतं शेवटच्या टप्प्यात, कूर्चा पार जाऊन हाडावर हाड घासतं तेव्हा. त्याआधी ‘हाडं झिजली’ म्हणण्याने नुकसान होतं: ऐकणारा ‘हाडं ठिसूळ झाली’ असं समजतो आणि कॅल्शियमच्या गोळ्यांवर विसंबतो. ठिसूळपणा हा निराळा आजार; कॅल्शियमने कूर्चा भरून येत नाही.

डॉक्टरांची ‘गॅप’ हीसुद्धा रिकामी जागा नव्हे. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून तिची जाडी फटीसारखी भासते. एक्स-रे उभं राहून काढलेला हवा; झोपून काढला तर फट खोटी रुंद दिसू शकते. गादी बाहेर सरकली तरी फट कमी होते, तेव्हा काकूही अगदीच चुकीच्या नाहीत. आईबाबत मी ‘कूर्चा झिजली’ म्हणेन.

‘वंगण संपलं’ हे मात्र टाळावं. निरोगी गुडघ्यात वंगण जेमतेम काही मिलिलिटर असतं. झिजेत ते बरेचदा वाढतं, पण पातळ होतं. ‘गुडघ्यात पाणी झालं’ म्हणतात ते हेच.

राहिली ‘वाटी बदलली’. वाटी म्हणजे गुडघ्यावरचं चपटं गोल हाड. सांधेबदलात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं कापून धातू बसवतात, मध्ये प्लॅस्टिकचा थर घालतात. वाटी पुष्कळदा आहे तीच राहते. कधी तिच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकची चकती लावतात.