सुदानची बदली आणि पांढरा पासपोर्ट

सेलूच्या भावा, परराष्ट्र खात्यात सहायक म्हणून लागलास, आता सुदानच्या दूतावासात बदली आलीय, आणि कायदा मला तिथं वाचवतो का, असं तू विचारलंयस. मी मूळचा अंबाजोगाईचा, बरीच वर्षं नैरोबीत आहे. दूतावासांच्या जागांचे भाडेकरार आमच्या ऑफिसातून होतात, त्यामुळं हे कागद रोज हातात असतात.

पासपोर्टच्या रंगावर जाऊ नको. सरकारी कामाचा पांढरा, मुत्सद्द्यांचा मरून, पण संरक्षण रंगातून येत नाही. राजनैतिक संबंधांवरच्या 1961 च्या व्हिएन्ना करारानुसार तुझं नाव कोणत्या पदावर तिथल्या परराष्ट्र खात्याला कळवलंय, त्यावर ते ठरतं. राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करता येत नाही, त्याच्यावर फौजदारी खटलाही चालत नाही. प्रशासकीय आणि तांत्रिक कर्मचाऱ्याला फौजदारीत तेवढंच संरक्षण, दिवाणीत मात्र फक्त कामापुरतं. सुट्टीच्या दिवशी तुझ्या गाडीनं कुणाला उडवलं, तर भरपाईचा दावा लागू शकतो. ड्रायव्हर-शिपायांना तर ड्यूटीवर केलेल्या कामापुरतंच. म्हणून तुझा वर्ग कोणता, ते निघण्याआधी लेखी विचारून घे.

आता खरी गोम. हा करार यजमान सरकारला बांधतो, बंदूकवाल्याला नाही. तेहरानमध्ये 1979 साली अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला गेला, अन् 52 अमेरिकी 444 दिवस ओलीस होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 1980 च्या मे महिन्यात इराणला दोषी धरलं, तरी सुटका झाली थेट जानेवारी 1981 मध्ये. आणि धोका अशांत देशातच असतो असंही नाही बरं का. पुण्यातला म्हात्रे पूल ज्यांच्या नावाचा, ते आपले मुत्सद्दी रवींद्र म्हात्रे. 1984 मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅममधून त्यांना पळवून मारलं.

युद्ध पेटलं तरी मुत्सद्द्यांना सुखरूप निघू द्यावं, असं याच कराराचं कलम 44 सांगतं. पण सुदानात 2023 मध्ये सैन्य आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले, तेव्हा रस्ता सोडणार कोण? आपला दूतावास खार्टुममधून पोर्ट सुदानला हलवावा लागला, आणि लोकांना ऑपरेशन कावेरीत जहाजांनी अन् विमानांनी काढलं.

म्हणून कलमं पाठ करण्यापेक्षा तिथल्या दूतावासातल्या माणसाला विचार: निघायची वेळ आली तर जमायचं कुठं, गाडी कुणाची, विमा कशाकशाचा. कुटुंब नेता येत नसेल तर वहिनी अन् लेकरं सेलूतच राहू देत. आईच्या फोनमध्ये मात्र दूतावासाचा आणि दिल्लीच्या ऑफिसचा, दोन्ही नंबर घालून जा.